सुंदराबाईचे डोळे

पंचफुलाबाई तायड्यांच्या हातून सहसा काही बिघडत नसे, आणि दुसऱ्याच्या हातून बिघडलेलं त्या कधी खपवून घेत नसत. सरकारी दवाखान्यात त्या इन्चार्ज सिस्टर होत्या तेव्हा शिकाऊ डॉक्टरसुद्धा त्यांच्या टेबलासमोरून जाताना चपला वाजवत नसत. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, पण कडकपणा काही निवृत्त झाला नाही. आता तो चालवायला वॉर्ड उरला नव्हता. अमरावतीच्या साईनगरातलं चार खोल्यांचं घर आणि त्यात नव्वदीकडे झुकलेले वडील, देवमनबाबा, एवढ्यावरच भागवावं लागे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बापलेक दोघंच एकमेकांना धरून होते.

बैठकीच्या भिंतीवर तीन फोटो होते. तथागतांचा, बाबासाहेबांचा आणि तिसरा सुंदराबाईचा. सुंदराबाई म्हणजे पंचफुलाबाईंची आई. लेक जन्मली आणि पुढच्या काही दिवसांतच ती बाळंतज्वराने गेली. आईचा आवाज, आईचा हात, आईच्या अंगाचा वास, यातलं पंचफुलाबाईंना काहीही ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो हा एकच फोटो. डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, अरुंद कपाळ आणि सरळ समोर बघणारे दोन डोळे. खोलीत कुठेही जा, ते डोळे तुमच्याकडेच बघत.

नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला त्यांचं गाव. तिथल्या घरात लहानपणी त्या या फोटोशी बोलत बसायच्या. शाळेत काय झालं, कोण भांडलं, कुणी चिंचा दिल्या नाहीत, सगळं. आजी म्हणायची, "पोट्टीचे डोये पाहा बाप्पा, हुबेहूब मायचे." मोठेपणी बोलणं थांबलं, पण ड्यूटीला निघताना चपला घालता घालता तिकडे एकदा बघायची सवय सुटली नाही. दिवसभर कितीही मनस्ताप झाला तरी घरी कुणीतरी आपल्याकडे बघणारं आहे, या एका गोष्टीवर पंचफुलाबाईंनी आयुष्य रेटलं. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. असलं काही बोलायची त्यांना लाज वाटायची.

यंदा त्या भिंतीला ओल आली. आली ती नेमकी तिसऱ्या फोटोच्या मागून. काचेच्या आत डाग पसरायला लागले तेव्हा पंचफुलाबाईंनी फोटो फ्रेमवाल्याकडे नेला, आणि त्याने काच उचलली ती चेहऱ्यासकट. पदर कागदावर राहिला, नाक-डोळे काचेला चिकटून निघाले आणि बोट लावताच त्यांचा चिखल झाला. फ्रेमवाल्याला पंचफुलाबाईंनी जे काय सुनावलं ते ऐकायला शेजारचे दुकानदार बाहेर आले होते. घरी येऊन मात्र त्या न्हाणीघराचं दार लावून रडल्या.

फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का होता, अमरावतीच्याच जवाहर गेटच्या आतला. स्टुडिओ कधीच बंद पडला होता. मूळ मालकाचा नातू तिथे मोबाइलची कव्हरं विकायचा. पण वरच्या माळ्यावर आजोबांचे पत्र्याचे डबे तसेच होते. पंचफुलाबाईंनी त्याच्या दुकानात रोज जाऊन बसायला सुरुवात केली, तेव्हा गिऱ्हाईक बिचकायला लागलं म्हणून का होईना, त्याने डबे उपसले. निगेटिव्ह सापडली. तळहाताएवढी फिल्म, पिवळ्या पडलेल्या पाकिटात. त्याने ती उजेडासमोर धरून मोबाइलने फोटो काढला आणि त्यातलं काळं-पांढरं उलटं करून दाखवलं. चेहरा होता, पण धुक्यातल्यासारखा.

"याचं नीट काम करायचं तर अकोल्याले न्या," तो म्हणाला. "मनोजभाऊंकडे ड्रम स्कॅनर हाये. आपल्या इकडे आता तेवढाच चालू हाये म्हनते. फिल्मवर जे जे असन ते सगळं वर आनते थे मशीन."

जे जे असेल ते सगळं. पंचफुलाबाईंना हे ऐकून बरं वाटलं.

घरी त्यांनी ट्यूबलाइटखाली निगेटिव्ह न्याहाळली. कडेला बुरशीचे ठिपके होते. मधोमध, चेहऱ्याच्या जागी, काहीतरी चिकट, करडं लागलेलं होतं. अशी घाण घेऊन परक्याच्या दारात जायचं म्हणजे पंचफुलाबाईंना मरण. ट्रे असो, थर्मामीटर असो, नाही तर कुणाची चिघळलेली जखम, त्यांच्याकडे सगळ्याला एकच औषध होतं. कपाटातून स्पिरिटची बाटली निघाली, कापसाचा बोळा झाला आणि त्या पुसायला बसल्या. बोळा करडा होऊन निघाला. त्यांना समाधान वाटलं. दुसरा घेतला.

"काय करून राह्यली वं?" खुर्चीतून देवमनबाबांनी विचारलं.

"मायचा फोटो साफ करून राह्यली."

"जास्त घासू नको."

"मले शिकवता का बाबा? जल्मभर काय केलं मंग मी?"

लेकीशी वाद न घालायची देवमनबाबांना सवय होती. पंचफुलाबाईंनी बोळा पांढरा निघेपर्यंत पुसलं, फिल्म वाळवली, स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकोला गाठलं.

मनोजचा कारखाना ताजनापेठेच्या एका बोळात होता. कारखाना कसला, एक लांबट खोली, बाहेर बंद पडलेला कूलर आणि आत मशीन. त्याच्या वडिलांनी हे मशीन घेतलं तेव्हा अकोल्यात छपाईचे दिवस होते. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, बियाण्यांच्या पिशव्या. पिशवीवरचं कापसाचं बोंड पांढरंशुभ्र दिसायला हवं म्हणून कंपन्यांची माणसं इथे येऊन बसायची. मग सगळ्यांकडे डिजिटल कॅमेरे आले आणि मशीनला कोणी विचारेना. आता पुण्या-मुंबईचे हौशी लोक फिल्म कुरिअरने पाठवतात, तेवढ्यावर ते धुगधुगी धरून होतं. मनोज पन्नाशीचा, बोलायला हळू माणूस होता. त्याने पंचफुलाबाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फिल्म भिंग लावून बघितली. बराच वेळ बघितली.

"मॅडम, हे कोणी पुसलं का?"

"मीच. स्पिरिटनं. लय घाण होती."

"बरं," तो म्हणाला.

एक्स-रे उजेडावर धरून डॉक्टर असंच 'बरं' म्हणतात, हे पंचफुलाबाईंना माहीत होतं.

मनोजने काचेसारखा पारदर्शक, पोकळ नळा काढला, बरणीएवढा जाड. त्याने त्यावर तेलाचे थेंब सोडले, फिल्म त्यावर गुंडाळली, वरून पातळ प्लास्टिक ओढलं आणि मधले हवेचे बुडबुडे बोटाने हलके हलके कडेला सारले. कडा चिकटपट्टीने बंद केल्या. नळा मशीनमध्ये बसला, झाकण पडलं आणि आत गरगर सुरू झाली. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या फिरवतात तसा तो आवाज होता. पंचफुलाबाईंना त्या आवाजाने जरा निवांत वाटलं. शेजारी टेबलावर जुना, पिवळट पडलेला कॉम्प्युटर होता. त्याच्या पडद्यावर फोटो वरून खाली, रेघ रेघ करत उमटायला लागला.

आधी पदराची किनार आली. मग पदराचे धागे आले, वेगवेगळे, मोजता येतील असे. भिंतीवरच्या फोटोत हे धागे कधी दिसले नव्हते. भांगाची रेघ आली. कपाळ आलं, त्यावर घामोळ्यांसारखे बारीक ठिपके. पंचफुलाबाई खुर्चीतून पुढे सरकल्या. आईच्या इतक्या जवळ त्या कधी गेल्याच नव्हत्या. भुवया आल्या. भुवयांचे केस मोजावेत एवढे स्पष्ट.

मग डोळ्यांची जागा आली, आणि तिथे डोळे नव्हते.

दोन मिटलेल्या पापण्या होत्या. पापण्यांचे केस गालावर टेकलेले होते. आणि दोन्ही पापण्यांवर मधोमध एकेक काळा गोल, ब्लेडने खरवडून काढल्यासारखा, आडव्या-उभ्या ओरखड्यांचा.

"मशीन खराब आहे तुमची," पंचफुलाबाई म्हणाल्या.

रेघा खाली सरकत राहिल्या. नाक आलं, ओठ आले. वरचा ओठ दातांवरून किंचित मागे गेलेला. पदर कानांवरून हनुवटीखाली इतका घट्ट ओढलेला, की गालाचं मांस वर आलेलं. पंचफुलाबाई बघत होत्या, आणि त्यांच्यातली सिस्टर त्यांच्या आधी सगळं ओळखत होती. जबडा बांधलेला आहे. बांधून फार वेळ झालेला नाही. त्यांनी स्वतः कितीतरी जणांचे जबडे असे बांधले होते, डोळे झाकले होते, नाकात कापूस घातला होता. प्रेताचा चेहरा त्या दारातून ओळखायच्या. आणि साठ वर्षं हा चेहरा रोज समोर असून त्यांना ओळखू आला नव्हता. डोळे उघडे असले की माणूस बाकी काही बघत नाही.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

मनोजने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "मॅडम, जुनी पद्धत आहे ही. घरात माणसाचा एकही फोटो नसे. माणूस गेल्यावर मग धावत स्टुडिओवाल्याले आणत. फोटो काढला की निगेटिव्हवर राळेचं पाणी लावायचं. ते वाळलं की त्यावर पेन्सिल धरते. निगेटिव्हवर सगळं उलटं असते ना, त्याच्यानं डोळ्यातलं पांढरं भरायचं ते पेन्सिलीनं, आणि बुबुळ काळं यावं म्हणून तेवढी फिल्म ब्लेडनं खरवडायची. माह्या वडलांनीच असे किती डोळे उघडले असतीन." त्याने पडद्यावरच्या काळ्या गोलांकडे बोट दाखवलं. "राळ स्पिरिटनं विरघळते. पेन्सिल गेली. खरवडलेलं तेवढं राहिलं."

पंचफुलाबाईंना बोळ्यावरचा करडा रंग आठवला. आपण किती समाधानाने पुसत होतो तेही आठवलं. आईच्या चेहऱ्यावरची घाण! त्यांनी पदर तोंडात धरला, पण रडू आलं ते आलंच. परक्या माणसासमोर, भर दुपारी, हुंदके देऊन.

"मीच पुसले," त्या म्हणाल्या. "मी माह्या हातानं मायचे डोळे पुसले."

"तुम्ही नाही पुसले मावशी," मनोज म्हणाला. मॅडमची मावशी कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही. "मिटलेलेच होते."

ते खरं होतं. पडद्यावर आता गळा उमटत होता. जुन्या फोटोत मानेमागे नुसता काळोख होता. या मशीनने तो काळोखही उघडला, आणि पदराच्या घडीतून, मानेच्या बाजूला, चार बोटं दिसायला लागली. जाड, राबणारी, पुरुषाची बोटं. मागे कुणीतरी बसलं होतं आणि त्याने तिची मान उचलून धरली होती.

दोघंही त्या बोटांकडे बघत बसले. मशीनची गरगर थांबली.

मनोजने चहा मागवला. मग हळूच म्हणाला, "मावशी, करता येते याचं. ओरखडे मी भरतो. आणि डोळे म्हणाल तर... तुमचा एक फोटो काढतो इथंच. तुमचे डोळे बसवतो. असाही चेहरा जुळते तुमचा. कोणाले समजणार नाही."

त्यात त्याचं चुकत काहीच नव्हतं. गिऱ्हाइकाला जे हवं ते द्यायचं, बोंड पांढरंशुभ्र दाखवायचं, यातच त्याची हयात गेली होती. पण पंचफुलाबाईंना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. "घरी इचारून सांगते," त्या म्हणाल्या. त्याने आहे तसा एक छोटा नमुना छापून दिला. तो त्यांनी ब्लाउजच्या आत, छातीशी ठेवला, कारण पर्समध्ये ठेवायचं धाडस झालं नाही.

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर काळी रानं मागे पळत होती. मूर्तिजापूर आलं, गेलं. पंचफुलाबाईंना काहीही दिसत नव्हतं. रडण्याची जागा आता रागाने घेतली होती, आणि राग बापावर होता. बाबांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. लेक फोटोशी बोलत बसायची तेव्हा ते तिथेच भाकरी खात असायचे. एका मेलेल्या बाईच्या पापण्यांवर कुणीतरी पेन्सिलीने रेघोट्या मारल्या, आणि आपण तिला परीक्षेचे मार्क सांगत होतो. नवरा गेला त्या दिवशीही आपण तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो होतो. कुणासमोर? बडनेऱ्याला शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का ताई?" पंचफुलाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती खाली उतरेपर्यंत पुन्हा बोलली नाही.

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. देवमनबाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. पंचफुलाबाईंनी चप्पलही काढली नाही. नमुना बापाच्या मांडीवर टाकला.

"हा फोटो कवा काढला बाबा?"

देवमनबाबांनी दोन्ही हातांनी कागद उचलला, नाकाजवळ नेला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बरं दिसायचं. ते बघत राहिले.

"मेल्यावर काढला ना?"

"हो."

"अन् मले साठ वर्स सांगतलं नाही?"

"तू कधी इचारलं नाही."

"फोटो जित्या मानसाचा हाये का मेलेल्या मानसाचा, हे कोनी इचारते का बाबा?"

पंचफुलाबाई समोरच्या पलंगावर बसल्या. त्यांना अजून पुष्कळ बोलायचं होतं, शब्द दाटून आले होते, पण म्हातारा कागदावरून नजरच काढत नव्हता. मग देवमनबाबा आपणहून बोलायला लागले. तुटक, मध्ये मध्ये थांबत.

सुंदरा पहाटे गेली. बायका तिला न्हाऊ घालायच्या तयारीला लागल्या आणि देवमन पहिल्या एसटीने अमरावतीला निघाले. गावात सगळे म्हणाले, याचं डोकं फिरलं. मेलेल्या बाईचा फोटो काढतो का कुणी? स्टुडिओवाल्याच्या पाया पडून त्याला सामानासकट गावी आणलं. तोवर दुपार झाली होती. भिंतीला टेकवून तिला बसवलं, पण मान ठरेना. धरायला कुणी पुढे होईना, बायकाही नाहीत.

"मंग मीच मांगं बसलो," देवमनबाबा म्हणाले. "पदराआड. हा हात माहा." त्यांनी अंगठ्याने त्या चार बोटांवरून हळूच फिरवलं. "फोटोवाला म्हने, हात दिसू देनार नाही. दिसू नाही देल्ला त्यानं."

"कायले केलं एवढं?"

"तुह्यासाठी. मोठी झाल्यावर तू इचारलं असतं माय कशी व्हती, त काय दाखवलं असतं तुले?"

पंचफुलाबाईंचा राग तिथेच निवला. पण एक गोष्ट टोचत होती, ती विचारल्याशिवाय त्यांना राहवेना. "अन् डोये?"

देवमनबाबांनी मान खाली घातली. नव्वदीचा म्हातारा पोरासारखा ओशाळला.

"फोटोवाल्यानं इचारलं, बाईचे डोये कसे व्हते. मोठे का बारीक. मले सांगताच नाही आलं."

"म्हंजे?"

"मले मालूमच नोतं बाई."

लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यातले निम्मे दिवस ती माहेरी. घरात एक खोली आणि एक पडवी, आणि त्यात आई, बाप, भाऊ, भावजया, बहीण. सासूसमोर नवऱ्याकडे बघणं म्हणजे बेशरमपणा. सुंदरा नाकापर्यंत पदर घेऊन, मान खाली घालून वावरायची. ताट ठेवायची तेही जमिनीकडे बघत. देवमन उजाडायच्या आत कामाला जायचे आणि परत यायचे तेव्हा कंदील विझलेला असायचा. अंधारात ती बोलायची, कधी हसायचीही. पण अंधारात डोळे कुणाचे दिसतात?

"मायले इचारलं, थे म्हने बारीक व्हते. बहीन म्हने, नाही, चांगले टपोरे व्हते. दोघीइची कचकच झाली. कोनी पाह्यलेच नोते तिचे डोये, पंचफुला. कामं पाह्यली सगळ्याइनं तिची." देवमनबाबांनी डोळे पुसले. "मंग मी तुले दुपट्यात गुंडाळलं अन् अमरावतीले घेऊन गेलो. फोटोवाल्याले म्हनलं, आता हिचे पाहून काढ. मायचेच असतीन."

आजीचं 'हुबेहूब मायचे' हे फोटो बघून आलेलं बोलणं होतं, हे आता पंचफुलाबाईंना कळलं. भिंतीवरून आई बघत नव्हती. भिंतीवरून त्या स्वतःच स्वतःकडे बघत होत्या, तान्ह्या असताना उसने दिलेले डोळे लावून. असं पोरकेपण त्यांना आई नसताना कधी वाटलं नव्हतं, ते आज वाटलं. सुंदराबाईचे डोळे कसे होते हे सांगणारं या जगात कुणी नव्हतं, आणि कधी नव्हतंच.

देवमनबाबा मात्र अजून त्या कागदाकडेच बघत होते. पंचफुलाबाईंच्या लक्षात आलं, की भिंतीवरच्या फोटोकडे त्यांना असं बघताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"अशीच दिसे थे," म्हातारा पुटपुटला. "खाली पाहे, त पापन्याच दिसत. मले हेच मालूम हाये. भिंतीवरची मले कधी सुंदरा वाटलीच नाही. थे तुही माय व्हती. हे सुंदरा हाये."

तेवढ्यात फोन वाजला. मनोज होता. मशीनवरून नळा उतरवायचा आहे, डोळ्यांचं काय ठरवलं, म्हणून विचारत होता. पंचफुलाबाईंनी बापाकडे बघितलं. भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडेही बघितलं. परत उघडे डोळे तिथे लागले तर आपल्याला पुन्हा तिकडे बघायचा मोह होईल, आणि बघून काहीही मिळणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

"डोळे नका बसवू," त्या म्हणाल्या. "ओरखडे तेवढे भरा, पापन्या साध्या करा. अन् तो हात झाकू नका. राहू द्या तसाच."

"नक्की का मावशी? भिंतीवर लावायचा म्हणत होत्या तुम्ही."

"भिंतीवरच लावते. बाबाच्या पलंगासमोर."

फोन ठेवून त्या आत गेल्या, हातपाय धुतले, चहा टाकला. बापाला कपात दिला, स्वतः पेल्यात घेतला. बाहेर पोरं सायकली फिरवत होती. पंचफुलाबाईंना वाटलं होतं, विचारायचं ते विचारून झालं. पण एक प्रश्न राहिला होता. तो त्यांनी जन्मभर कुणालाही विचारला नव्हता, कारण भिंतीवरचे डोळे त्याचं उत्तर रोज देत होते.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तिनं मले पाह्यलं व्हतं का? येखांद्या डाव तरी? डोये उघडून?"

प्रश्न विचारतानाच त्यांना त्यातला फोलपणा कळत होता. बाळंतज्वर काय असतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ताप डोक्यात चढलेली बाई कशी पडून राहते, कुणाला ओळखत नाही, बाळ छातीशी ठेवलं तरी पापणी हलवत नाही, हे त्यांनी वॉर्डात बघितलं होतं. आणि बाळंतिणीच्या खोलीत त्या काळी पुरुषाला कोण जाऊ देत होतं?

"पाह्यलं नं," देवमनबाबा म्हणाले. "लय येळ पाह्यलं."

त्यांनी ते फार चटकन म्हटलं, आणि म्हणताना लेकीकडे न बघता खिडकीकडे बघितलं. पंचफुलाबाईंना तो स्वर ओळखीचा होता. वॉर्डाच्या दारात उभं राहून 'त्यांना काही त्रास झाला नाही हो, झोपेतच गेले' हे त्यांनी स्वतः याच स्वरात किती जणांना सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांना ते खोटं असल्याचं कळायचं. तरी ते हलायचे नाहीत. तिथेच घुटमळायचे आणि हमखास आणखी एक काहीतरी विचारायचे. सिस्टरबाईंना तेव्हा त्यांचा राग यायचा.

पंचफुलाबाईंनी पेला खाली ठेवला आणि उठून बापाच्या खुर्चीजवळ, जमिनीवर जाऊन बसल्या.

"मंग?" त्यांनी विचारलं. "काही बोलली का मले?"